श्री. पऱ्या यांची संमती

"बाई, आज शाळेत जाऊ नका. पऱ्या चढलाय."

घरमालक सकाळी दारात उभे राहून मला हे सांगत होते. अठ्ठ्याण्णव सालचा जून. रत्नागिरीहून पावसला जाताना वाटेत लागणाऱ्या एका गावात मी मास्तरीण म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मी माण तालुक्यातली. आमच्याकडे पऱ्या म्हणजे प्रकाश, नाहीतर प्रमोद, नाहीतर प्रदीप. आणि 'चढलाय' म्हणजे काय ते बायकांना वेगळं सांगावं लागत नाही. मी पदर खोचला, छत्री उचलली आणि म्हटलं, "असले पऱ्ये मी पुष्कळ पाहिलेत. मी नाही भीत."

घरमालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हा नसेल पाहिलात. आता उद्यापर्यंत उतरायचा नाही."

"त्याच्या घरचे काय करतात मग?"

"त्याला घर नाही हो बाई. डोंगरातनं येतो आणि सरळ खाडीला मिळतो."

एवढं बोलून ते मागीलदारी निघून गेले. हसले नाहीत, काही नाही. मी तशीच तणतणत वाडीच्या टोकापर्यंत गेले आणि समोर पाणी बघून उभीच राहिले. तांबडंलाल, दगड गडगडत नेणारं पाणी. काल ज्या ओहोळातून मी चपला हातात घेऊन आले होते तो हाच, यावर विश्वास बसेना. कोकणात ओढ्याला पऱ्या म्हणतात, हे ज्ञान मला असं झालं.

मी परत आले तर घरमालक पडवीत बसून वर्तमानपत्रातल्या चुका तांबड्या शाईनं दुरुस्त करत होते. "भेट झाली?" एवढंच विचारलं.

त्यांना सगळं गाव 'अर्जदार' म्हणायचं. तोंडावरसुद्धा. "अर्जदार, आहात काय घरात?" अशी हाक आली की ते "सादर आहे" म्हणून ओ द्यायचे. उभं आयुष्य मुंबईत गिरगावातल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर वाडीत आले, ते खिशात दोन पेनं घेऊन. निळं अर्जासाठी, तांबडं जगाच्या चुकांसाठी. लोक लग्नपत्रिका द्यायला यायचे, तर हे तिथल्या तिथे 'आशिर्वाद'मधला शि दीर्घ करून पत्रिका परत द्यायचे. पहिल्यांदा माणसं चिडली. मग शहाणी झाली आणि छापायच्या आधीच यांच्याकडे घेऊन यायला लागली.

गावात मला खोली कुणी दिली नव्हती. एकटी बाई, परमुलखातली, बोलायला फटकळ. यांनी दिली. गाव, शाळा आणि एस.टी.चा थांबा पऱ्याच्या पलीकडे, बौद्धवाडी अलीकडे. म्हणजे खोली मिळाली ती वाडीतल्या पोरांबरोबर पऱ्या ओलांडायच्या अटीवर. पण घर चांगलं होतं. घरात ते, त्यांची सहावीतली नात आणि एक मांजर. मुलगा-सून मुंबईला. मुंबईच्या खोलीत दाटी म्हणून नातीला इथे ठेवलेली. आणि खरं सांगायचं तर तिच्यावाचून म्हाताऱ्याचं पान हलत नव्हतं. मांजराचं नाव होतं पोच. संध्याकाळी परसात उभे राहून "पोच, पोच, पोच" अशी हाक मारायचे, तेव्हा नवख्या माणसाला वाटावं की यांच्या डोक्यावर परिणाम झालाय.

"अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय कचेरीतनं हलायचं नाही," ते म्हणायचे. "अर्ज हरवतो, साहेब बदलतो, पोच आपल्याकडे राहते." मांजर मात्र कुणाकडे राहत नसे. वाडीभर हिंडायचं.

माझ्या खोलीची कडी नीट लागेना, तर मी त्यांना जाता-येता सांगत होते. ते मान डोलवायचे आणि विसरून जायचे. शेवटी म्हणाले, "तोंडी तक्रार हवेत जाते, बाई. लेखी द्या." माझं डोकं फिरलं. मी तावातावानं कागद फाडला आणि लिहिलं, 'विषय: कडी बसविणेबाबत.' त्यांनी तो वाचला, 'दुरूस्ती'मधला रू ऱ्हस्व केला, खाली सही-तारीख घालून मला पोच दिली आणि चहा व्हायच्या आत कडी बसवून मोकळे झाले. मी हसावं की रडावं? नंतर मीच सवयीनं लिहायला लागले. नातसुद्धा लिहायची. 'विषय: पेजेत मीठ नसणेबाबत.'

मंगळवार त्यांचा अर्जवार. धुतलेला सदरा, लेंगा, काखेत छत्री, आणि रत्नागिरीची सकाळची गाडी. एस.टी.चा थांबा पिंपळाखालून शाळेजवळ आला तो यांच्या अर्जानं. वाडीत खांबावर दिवा लागला तो यांच्या अर्जानं. आरोग्य केंद्रात डॉक्टर ठरल्या वारी यायला लागले तेही. आणि जे झालं नाही त्याची तर गणतीच नाही. पण न झालेल्याचं दुःख करत बसलेलं मी त्यांना पाहिलं नाही. "सरकार वाईट नाय हो बाई, लांब आहे," म्हणायचे. "हाक ऐकू जायला वेळ लागतो."

कचेरीतले कारकून त्यांना टरकून असायचे, त्याचं कारण वेगळंच. उभा जन्म खिळे उलटे वाचण्यात गेल्यामुळे त्यांना कुठलाही कागद उलटा वाचता यायचा. टेबलाच्या पलीकडे साहेबासमोर उघडी फाइल हे अलीकडे खुर्चीत बसून घडाघडा वाचायचे. साहेब म्हणणार, "तुमचं प्रकरण वर पाठवलंय," आणि हे शांतपणे सांगणार, "नाही साहेब, तिसऱ्या ओळीत 'चर्चा करावी' असं लिहिलंय. कुणाशी करायची?" एक कारकून तर हे दारात दिसले की परीक्षेतल्या पोरासारखा फाइलीवर हात आडवा घालायचा. मी विचारलं, "दुसऱ्याचं असं वाचावं का?" तर म्हणाले, "डोळे मिटता येत नाहीत ना. समोर अक्षर आलं की वाचलं जातं. खोड आहे ती."

अर्ज लिहायचे त्यांचे नियम होते. पहिला, विशेषण घालायचं नाही. "विशेषण वाचून कुणी जागचं उठत नाही." दुसरा, खोटं लिहायचं नाही. साकवाचा अर्ज लिहायला वाडीतली माणसं विहारात जमली तेव्हाची गोष्ट. पऱ्यावर पावसाळ्याआधी वाडीची माणसंच पोफळीची खोडं आडवी टाकून, बांबूचा कठडा बांधून पायपूल करायची. त्याला साकव म्हणतात. एखादा मोठा लोंढा आला की तो जायचा. मी आले तेव्हा त्या सालचा अजून व्हायचा होता. आता सरकारकडे पक्का सिमेंटचा साकव मागायचा होता. एक जण म्हणाला, "लिवा, दरवर्षी माणसं व्हावून जातात."

"कोण गेलं? नाव सांगा," अर्जदारांनी विचारलं.

"गेलं नाय कोण. पन जाईल की."

"मग 'जाईल' लिहू."

आणि तसंच लिहिलं. 'आजवर कोणी वाहून गेलेले नाही. जाईल अशी भीती आहे.' मला वाटलं, असला गुळमुळीत अर्ज वाचून कोण साकव देणार? मी तसं बोललेही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बाई, चौकशीला माणूस आला आणि त्याला एक गोष्ट खोटी सापडली, की बाकीच्या सगळ्या तो खोट्याच धरतो."

ती भीती पुढच्याच पावसाळ्यात खरी व्हायची वेळ आली. शाळा सुटल्यावर मी पोरांना ओळीनं साकवावरून नेत होते. खोडांवर शेवाळ. अर्जदारांची नात घसरली आणि कमरेपर्यंत पाण्यात गेली. तिनं बांबू सोडला नाही म्हणून मला तिची वेणी धरता आली. वेणी धरूनच ओढली मी तिला वर. दप्तर गेलं. रात्रभर पोरगी तापानं फणफणली आणि म्हातारा उशाशी बसून राहिला. वाडीतल्या कुणीतरी मुंबईला फोन केला असणार, कारण पुढच्या रविवारी मुलगा येऊन दाखल झाला.

मुलगा शांत माणूस होता. पण त्या दिवशी पडवीत बसून सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णा, पुढच्या पावसाआधी पक्का साकव झाला तर ती इथं राहील. नाय झाला तर मी तिला मुंबईला नेणार. मला दाटीत राहिलेलं चालेल."

 मंगळवार नव्हता, तरी अर्जदार दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला गेले.

त्यानंतर त्यांनी जो पिच्छा पुरवला तो मी पाहिलाय. स्मरणपत्र, त्याचं स्मरणपत्र, ग्रामसभेचा ठराव, सरपंचांची सही, आमदारांच्या घरची पायरी. प्रत्येक ठिकाणची पोच. आणि थंडी पडता पडता वरच्या कचेरीचं पत्र खरंच आलं. विहारात सगळे जमले. अर्जदारांनी उभं राहून वाचायला सुरुवात केली. साकव तत्त्वतः मान्य होण्यास हरकत नाही, इथपर्यंत आले आणि माणसं सावरून बसली. पुढे होतं:

'तथापि, प्रस्तावित साकव हा पऱ्यावरून जात असल्याचे दिसून येते. सबब, सदर श्री. पऱ्या यांचे संमतीपत्र सोबत जोडावे.'

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "कोनाचा गो संमतीपत्र?" आणि जो हशा पिकला तो विचारू नका. माणसं गुडघ्यावर थापा मारून हसत होती. मी हसले नाही. हसायला मला तोंड कुठे होतं? वरचे साहेब माझ्याच मुलखाकडचे निघाले होते, दुसरं काय.

रत्नागिरीच्या कचेरीतला कारकून देवरूखकडचा. त्याला पऱ्या म्हणजे काय ते पक्कं ठाऊक. त्या मंगळवारी मला सुट्टी होती म्हणून मीही अर्जदारांबरोबर गेले होते. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, माझं ऐका. चूक आहे म्हणून कळवलंत तर फाइल परत पहिल्या टेबलावर जाईल. त्यात मार्च उलटेल आणि तुमचा पावसाळा चुकेल. त्यापेक्षा एक कागद जोडा की. वाडीत प्रकाश म्हणून कोन असेलच ना?"

होता ना. वाडीत प्रकाश होता आणि तो एका पायावर तयार झाला. "अर्जदार, मी व्हतो पऱ्या. मला लहानपनी म्हनायचेच तसं. कुठं करू सही?" सगळी वाडी त्याच्या मागे उभी राहिली. एक सही. कुणाचं काय जात होतं त्यात? ओढा काही कोर्टात जाणार नव्हता.

अर्जदार नाही म्हणाले.

वाडीनं समजावलं, मग आवाज चढवला, मग बोलणं टाकलं. मी तर कंबर कसून भांडले. म्हटलं, "तुमच्या त्या नियमापायी नात जाईल घरातनं. कळतंय का?" ते म्हणाले, "कळतंय." आणि आत जाऊन उत्तर लिहायला बसले. ते उत्तर मला आजही तोंडपाठ आहे, कारण त्याची स्वच्छ प्रत मीच करून दिली. रागारागानं का होईना.

'महोदय, श्री. पऱ्या यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे त्यांचे संमतीपत्र जोडता येत नाही. त्यांच्या नावाने दुसऱ्या कोणी सही करणे योग्य होणार नाही. ते स्वतः कार्यालयात येऊ शकत नाहीत. आल्यास कार्यालयाचे नुकसान होईल. हिवाळ्यात व उन्हाळ्यात ते सहसा कोणाला भेटत नाहीत. तरी महोदयांनी जुलै महिन्यात समक्ष येऊन त्यांची गाठ घ्यावी व संमती विचारावी, ही विनंती.'

मी लिहिता लिहिता थांबले आणि म्हटलं, "ही थट्टा आहे."

"यातला एक शब्द खोटा दाखवा," ते म्हणाले.

मी पुढची ओळ लिहायला घेतली.

मार्च उलटला. कुणी आलं नाही, कागदही आला नाही. मे महिन्यात मुलगा आला आणि नातीचे कपडे पिशवीत भरले गेले. ती सातवी पास झाली होती. ती रडली नाही. पोचला कडेवर घेऊन घरभर फिरली आणि मग खाली सोडली. पऱ्या कोरडा ठाक होता. बापलेक आणि म्हातारा, तिघं गोट्यांवरून चालत पलीकडे गेले. तिथे साकवाची काही गरजच नव्हती. एस.टी. निघून गेली आणि अर्जदार परत येताना मध्येच, पऱ्याच्या पोटात, एका दगडावर बसले. ऊन चटचट भाजत होतं. छत्री काखेत होती, ती उघडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि जे मनात होतं ते सगळं बोलले. एका कागदासाठी पोर घालवलीत, तुम्हाला माणसं नकोत, शुद्धलेखन हवं, असंही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, या वाडीची जमीन पूर्वी पलीकडच्या अंगाला पण होती. माझ्या बापाला सही येत नव्हती. अंगठा कुणीतरी दुसऱ्यानंच लावला आणि खाली बापाचं नाव घातलं. कचेरीत सांगितलं, हा माझ्या बापाचा अंगठा नाही, तर साहेब म्हणाला, कागदावर आहे." त्यांनी पायाजवळचा एक गोटा उचलला आणि परत खाली ठेवला. "आता ज्याला सही येत नाही त्याच्या नावानं मी सही करू? ओढ्याच्या का होईना."

मी त्यांची छत्री उघडून त्यांच्या हातात दिली. दुसरं काय करणार?

घर नंतर फार वाईट झालं. ते दोन ताटं वाढायचे आणि एक उचलून ठेवायचे. वर्तमानपत्र यायचं, पण तांबडी शाई लागेना. मंगळवारी मात्र जायचे.

आणि मग जुलैत, पाऊस सलग कोसळत असताना, शाळेच्या दारात एक जीप थांबली. पऱ्या चढला म्हणून मी घरी जाऊ शकले नव्हते. वाडीची पोरं घेऊन वर्गातच बसले होते. रेनकोटातला एक तरुण साहेब उतरला आणि विचारलं, "बाई, ते श्री. पऱ्या कुठं भेटतील?"

बोली ऐकूनच ओळखलं. बार्शीकडचा होता. मी म्हटलं, "चला, दाखवते."

काठावर आलो. पोफळीची खोडं केव्हाच गेली होती. पाण्याचा आवाज इतका की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पलीकडे अर्जदार उभे होते. जीपचा दिवा त्यांना वाडीतून दिसला असणार. त्यांनी हाका मारल्या नाहीत, हात हलवले नाहीत. त्यांच्या हातात आंब्याच्या पेटीच्या फळ्या होत्या. एक फळी त्यांनी वर धरली. काळ्या रंगानं, छापील वाटावं अशा वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'हेच श्री. पऱ्या.' पहिला पाऊस लागल्यापासून फळ्या तयार करून ठेवल्या होत्या म्हाताऱ्यानं, हे मला नंतर कळलं.

साहेब बघत राहिला. पाण्याकडे, फळीकडे, पुन्हा पाण्याकडे. अर्जदारांनी दुसरी फळी वर केली: 'संमती विचारावी.'

"बाई," साहेब माझ्या कानाशी ओरडला, "तुमचं ते पत्र मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. येईल त्याला वाचून दाखवत होतो. हसायला." मग जरा थांबला. "आमच्याकडं पऱ्या म्हणजे माझा चुलतभाऊ आहे हो."

"माझापण आहे," मी ओरडले. "घ्या आता गाठ."

"पोरं जातात कशी यातनं?"

"जात नाहीत. ही बघा, माझ्या वर्गात बसलीत. घरी आया वाट बघतायत. आणि एक तर कायमची गेली, मुंबईला." तिचं सगळं मी त्याला त्या पावसात उभ्या उभ्या सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी त्यानं टोपी काढली आणि पलीकडे बघून हात जोडले. अर्जदारांनी फळ्या खाली ठेवून हात जोडले. मधून पऱ्या चालला होता.

त्यानंतर फाइल कुठे अडली नाही. दिवाळीनंतर खडी पडली आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला साकव उभा राहिला. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. टोकाला ठेकेदारानं पाटी लावली. रंगाऱ्याला जो जुना कागद फाइलीतून दिला गेला त्यावरून त्यानं इमानदारीत रंगवलं होतं: 'जागा: श्री. पऱ्या यांच्या संमतीने.'

वाडी पुन्हा हसली. मी अर्जदारांकडे पाहिलं. खिशात तांबडं पेन होतं. जन्मात एक काना चुकलेला त्यांनी सोडला नव्हता. त्यांनी पाटी दोनदा वाचली आणि म्हणाले, "राहू दे. दिली ना त्यानं जागा."

त्याच आठवड्यात त्यांनी एक अर्ज लिहिला. या खेपेला सरकारला नाही, मुलाला. 'विषय: नात परत मिळणेबाबत.' विशेषण एकही नाही. अट पूर्ण झाली आहे, पक्का साकव झाला आहे, पाटीची नक्कल सोबत जोडली आहे, तरी नातीस आठवी झाल्यावर नववीसाठी इकडे पाठवण्यात यावे. मी म्हटलं, "अहो, मुलगा आहे तो तुमचा. फोन करा." ते म्हणाले, "फोनवर मला मागता येत नाही."

मुलगाही त्यांचाच होता. पऱ्याची गोष्ट त्याला कळलेली. आठवड्यानं उत्तर आलं. 'अर्ज मिळाला. तथापि सदर नातीचे संमतीपत्र सोबत जोडलेले नाही. ती सुट्टीत तिकडे येत आहे. समक्ष घ्यावे.'

पत्र वाचून ते पहिल्यांदा खळखळून हसले. म्हणाले, "बरोबर पकडलंन मला." मग विचारात पडले.

मेमध्ये ती आली. उंच झाली होती. केस कापले होते. मी ज्या वेणीला धरून तिला ओढलं होतं ती वेणी नव्हती. साकवावरून पळत आली, परत गेली, परत पळत आली. तोंड दुखेस्तोवर बोलत होती. तिथे तिची शाळा मोठी होती, विज्ञानाच्या बाई चांगल्या होत्या, आईनं तिच्यासाठी माळ्यावर अभ्यासाची जागा करून दिली होती. म्हातारा ऐकत होता. मी पण ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पडवीत पाट मांडला, कागद ठेवला, निळं पेन ठेवलं. तिला समोर बसवलं. "हे बघ," म्हणाले, "मी तुझ्या बाबाकडे तुला मागितलंय. तुझं काय म्हणणं आहे ते तू तुझ्या हातानं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहायचं नाही. खाली सही कर."

तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तोंड घट्ट मिटून ठेवलं, आणि हे मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. ती पेन घेऊन बराच वेळ बसली. मग लिहायला लागली. अर्जदार तिच्या समोर, पाटाच्या पलीकडे बसले होते. कागद त्यांच्या बाजूनं उलटा होता.

दोन-तीन अक्षरं उमटली असतील नसतील, तोच त्यांनी मान वळवली आणि परसातल्या फणसाकडे बघत बसले. साहेबांच्या फाइली, शेजाऱ्यांची पत्रं, एस.टी.तल्या परक्या माणसाचं वर्तमानपत्र, काही सोडलं नव्हतं या माणसानं. पण तिचं लिहून होईस्तोवर त्यांनी मान वळवली ती वळवलीच. मानेची शीर दिसत होती.

"आजा, झालं," ती म्हणाली. "सुट्टी लागली की येईन मी, पावसात पण. आता साकव आहे ना."

त्यांनी कागद घेतला, न वाचता चार घड्या केल्या आणि पेनांच्या मागे खिशात ठेवला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. पुष्कळ वेळ पुसला. मग नेहमीच्या कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "निर्णय मान्य आहे. पण अर्ज तुला मिळाला, त्याची पोच दे."

ती उठली. पायरीवर मांजर अंग चाटत बसलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी उचललं, आणून आजाच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसली.